सैन्याची सेवा-कंत्राटं: 'काम समाधानकारक झालं' असं लिहून देणारा काय पाहून लिहितो?

धंतोलीकर :

संरक्षण खरेदीचा विषय निघाला की आपली चर्चा विमानं, तोफा आणि पाणबुड्यांच्या पुढे जात नाही. बोफोर्स सगळ्यांना पाठ आहे, राफेलवर घरोघरी वाद झाले. पण सैन्य रोज आणखी एक गोष्ट विकत घेतं आणि तिच्याबद्दल कुठे काही बोललं जात नाही. ती म्हणजे माणसांचं काम. सॉफ्टवेअर सांभाळणारे इंजिनिअर, डेटा एन्ट्रीवाले, प्रकल्प अहवाल लिहून देणारे सल्लागार, प्रशिक्षक, वार्षिक देखभालीचे तंत्रज्ञ, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, हे सगळे कंत्राटावर येतात.

आपल्या नागपूरकरांसाठी हे काही लांबचं नाही. वायुसेना नगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, कामठीत गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे, अंबाझरीला आयुध निर्माणी आहे. आजूबाजूला जवाहरनगर आणि भद्रावतीच्या आयुध निर्माण्या, पुलगावचं दारूगोळा भांडार. या सगळ्यांच्या भोवती सेवा पुरवून पोट भरणारी हजारो माणसं राहतात. मी सीए आहे. माझ्या अशिलांमध्ये असे लहान-मोठे ठेकेदार आहेत, त्यामुळे त्यांची बिलं आणि बिलांना जोडलेले कागद बरीच वर्षं पाहते आहे.

त्या प्रत्येक बिलाला एक प्रमाणपत्र असतं. मजकूर जवळपास ठरलेला: काम कंत्राटाप्रमाणे व समाधानकारक झालं आहे. खाली सही, शिक्का. पैसे निघतात ते या कागदावर. वस्तू घेतली तर ती मोजता येते. बोल्टचा व्यास गेजने तपासता येतो, नाही बसला तर माल परत. पण 'सहा महिने तांत्रिक साहाय्य' हे कशाने मोजायचं?

नियम नाहीत असं नाही. २०१७च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या खर्च-खरेदीच्या नियमांत, सल्लागार सेवांसाठी नियम १७७ पासून आणि इतर सेवांसाठी १९७ पासून वेगळी प्रकरणं आहेत. पण त्यातच मला एक गाठ दिसते. नियम सांगतो की ज्या कामाचं कौशल्य खात्याकडे नाही त्यासाठीच सल्लागार नेमावा. आणि पुढे असंही सांगतो की सल्लागाराच्या कामात खात्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत लक्ष घालावं, त्याच्या कामगिरीवर सतत देखरेख ठेवावी. जे आपल्याला येत नाही म्हणून बाहेरून आणलं, ते नीट झालं की नाही हे आपण कसं ठरवायचं? मला वाटतं सगळी गडबड इथे सुरू होते.

आता १ नोव्हेंबर २०२५ पासून संरक्षण खात्याची नवी खरेदी पुस्तिका लागू झाली आहे, २००९च्या पुस्तिकेच्या जागी. महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चातून होणारी सुमारे १ लाख कोटी रुपयांची खरेदी तिच्या कक्षेत येते. निर्णय लवकर व्हावेत, खालच्या पातळीवर व्हावेत हा तिचा रोख आहे, आणि तो मला मान्य आहे. पण निर्णय खाली गेले की देखरेखही खाली भक्कम व्हायला हवी. ती होते आहे का?

ज्यांनी आतून पाहिलं आहे त्यांनी कृपया लिहावं. युनिटची, अधिकाऱ्यांची नावं कोणीच घेऊ नका.


सुभेदार_कामठी :

ताई, चांगला विषय काढला. मी तीस वर्षांच्या आसपास नोकरी करून निवृत्त झालो. कोणत्या युनिटची गोष्ट ते सांगत नाही.

होते काय ते पाहा. कंत्राट देताना बोर्ड ऑफ ऑफिसर्स बसते, फायनान्सवाल्यांची मंजुरी लागते, टेंडर निघते, एल वन म्हणजे सगळ्यात कमी दरवाला ठरते. इथवर दहा लोकं पाहून राहिले असतात. कंत्राट सुरू झालं की पाहणारा उरतो एक. तो बी कोण, तर एखादा तरुण कॅप्टन किंवा मेजर, ज्याचं खरं काम दुसरंच आहे. त्याच्याकडे फायरिंग आहे, ट्रेनिंग आहे, सैन्यातल्या अंतर्गत चौकश्या आहेत, त्याच्यावर हे आणखी एक. त्याला कोणी शिकवलं नसते की सेवा-कंत्राट कसं तपासायचं. तो इमानदार असते, मेहनती असते, पण दोन-तीन वर्षांत त्याची पोस्टिंग होऊन जाते. ठेकेदार मात्र तिथंच असते. मग नव्या साहेबाला 'इथं असंच चालते' हे कोण सांगते? ठेकेदाराचाच सुपरवायझर.

आणखी एक. सफाई झाली की नाही हे जवानाला माहीत असते. जनरेटरची सर्व्हिसिंग खरोखर झाली की नुसतं ऑइल पुसून गेला हे त्या जनरेटरवर ड्युटी करणाऱ्या नायकाला माहीत असते. प्रमाणपत्रावर सही करताना त्याला कोणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वापरणाऱ्याची सही खाली घ्या, मग साहेबाची वर घ्या.


तर्रीपोहे :

धागा वाचला, तळमळ पोचली, पण माझं मत वेगळं आहे.

सैन्यावर देखरेख करणारे आपल्याकडे कमी आहेत का? वित्तीय सल्लागार आहे, संरक्षण लेखा विभाग आहे, कॅग आहे, दक्षता आयोग आहे, वरून संसदेची लोकलेखा समिती. माझा सख्खा भाऊ सीमेवर होता. एक साधा सुटा भाग यायला किती महिने लागतात आणि फाइल किती टेबलांवरून फिरते हे त्याच्याकडून ऐकलं आहे. प्रत्येक सहीमागे आणखी एक सही लावली तर काम होणार नाही आणि अधिकारी सही करायलाच घाबरतील. आज घाबरतातच. चौकशी लागेल म्हणून निर्णय न घेणं हाही देशाचा तोटा आहे, फक्त तो कुठल्या अहवालात येत नाही.

नवी पुस्तिका त्यासाठीच आणली ना? मग लगेच तिच्यावर संशय का?


जुना_लेखापरीक्षक :

मी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या कॅगच्या कार्यालयातून निवृत्त झालो. काही वर्षं संरक्षण लेखापरीक्षणातही होतो. दोन गोष्टी स्पष्ट करतो, कारण वरच्या प्रतिसादात सगळे पहारेकरी एकाच रांगेत उभे केले आहेत.

पहिला पहारा खात्याच्या आतला. वित्तीय सल्लागार खर्च होण्याआधी संमती देतो. संरक्षण लेखा विभाग बिल तपासून पैसे देतो आणि अंतर्गत लेखापरीक्षण करतो. हे दोन्ही संरक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली. दुसरा पहारा कॅगचा. तो राज्यघटनेच्या कलम १४८ ते १५१ आणि १९७१च्या कायद्यातून येतो, सरकारच्या हाताखाली नसतो, त्याचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेत जातो. तिथून तो लोकलेखा समितीकडे.

आता हे सगळे काय पाहतात? मंजुरी देणाऱ्याला तेवढा अधिकार होता का. मर्यादेच्या आत बसावं म्हणून एकच काम तुकड्यांत तोडलं का. एकाच निविदेवर काम दिलं तर त्याची कारणं नोंदवली का. दर वाजवी होता हे कशावरून ठरवलं. बिलाची बेरीज, कर, कपाती. यातल्या प्रत्येक गोष्टीत लेखापरीक्षक पक्का असतो, कारण तिचा कागद असतो.

पण काम झालं का, या प्रश्नाचं उत्तर लेखापरीक्षकासाठी ते प्रमाणपत्रच आहे. मी तिथे पोचेपर्यंत वर्ष उलटलेलं असतं. साफ केलेली नाली पुन्हा भरलेली असते. प्रशिक्षण घेतलेली तुकडी पांगलेली असते. सल्लागाराचा अहवाल कपाटात असतो, तो चांगला आहे की भरताड हे मी कोणत्या अधिकाराने ठरवू? मी एवढंच लिहू शकतो की अहवाल आला, पण त्यावर काही कार्यवाही झाल्याचं आढळलं नाही. असे आक्षेप मी लिहिले आहेत. उत्तर येतं, 'बाब विचाराधीन आहे'. पुढच्या वर्षी तेच उत्तर.

खरा घोटाळा, घोटाळा म्हणण्यापेक्षा खरा ढिसाळपणा, कंत्राटाच्या पहिल्या पानावर होतो. कामाची व्याप्ती. तिथे 'अधिकाऱ्याच्या सूचनेनुसार वेळोवेळी आवश्यक ती सर्व मदत' असं वाक्य आलं की पुढे कोणाचाच बाप काही तपासू शकत नाही. काहीही केलं तरी ते व्याप्तीत बसतं, काहीच केलं नाही तरी बसतं. माझ्या अनुभवात सेवा-कंत्राटांतल्या दहा आक्षेपांपैकी बहुतेकांचं मूळ या एका वाक्यात सापडायचं.

तर्रीपोहे, आपली भीती खरी आहे. चुकीच्या ठिकाणी लावलेली सही काम थांबवते. म्हणूनच मी सह्या वाढवा म्हणत नाही. सुरुवातीचा कागद नीट लिहा, शेवटची सही जाणकाराची घ्या. मधल्या सह्या कमी झाल्या तरी मला चालेल.


ओहायोतला_नागपूरकर :

मी डेटनला राहतो. राइट-पॅटरसन हा अमेरिकी हवाई दलाचा मोठा तळ इथेच आहे, आमच्या गल्लीतली अर्धी माणसं तळावर काम करतात आणि त्यातली निम्मी सरकारी नसून कंपन्यांची आहेत. त्यामुळे हा वाद इथे फार जुना आहे. अमेरिकेने जे केलं ते आपण करावं असं माझं म्हणणं नाही. उलट त्यांचं जिथे बिघडलं ते आधी पाहावं, कारण आपण त्याच वाटेने निघालो आहोत असं मला वाटतं.

इथे या कंत्राटांना व्यावसायिक आणि व्यवस्थापन साहाय्य सेवा म्हणतात. म्हणजे धोरणाचे मसुदे, खर्चाचे अंदाज, खरेदीची कागदपत्रं, तांत्रिक मूल्यमापन. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर नव्वदच्या दशकात इथे सरकारी खरेदी-कर्मचारी मोठ्या प्रमाणावर कमी केले. मग २००१ नंतर दोन युद्धं आली, कामाचा डोंगर झाला आणि माणसं कमी म्हणून ती कंपन्यांकडून घेतली.

पुढे काय झालं ते इथल्या कॅगने, म्हणजे जीएओने, मार्च २००८च्या एका अहवालात लिहून ठेवलं आहे. लष्कराचं एक खरेदी केंद्र त्यांनी तपासलं. तिथे कंत्राटं तयार करणाऱ्या तज्ज्ञांपैकी ४२ टक्के माणसं स्वतःच कंत्राटी होती. त्याच दर्जाच्या सरकारी माणसापेक्षा सरासरी २७ टक्क्यांपर्यंत जास्त पैसे त्यांच्यावर खर्च होत होते. कंत्राटं देणाऱ्या कार्यालयातच जवळपास निम्मे लोक ठेकेदाराचे! त्याच महिन्यातल्या दुसऱ्या अहवालात संरक्षण खात्याची २१ कार्यालयं पाहिली, त्यातल्या १५ मध्ये कंपन्यांची माणसं सरकारी माणसांपेक्षा जास्त निघाली. आणि सरकारी नोकराला हितसंबंधांचे जे कडक नियम लागतात ते त्याच्याच शेजारच्या खुर्चीवरच्या कंत्राटी माणसाला लागत नव्हते.

सगळ्यात भयंकर उदाहरण अबू घ्रैबचं. इराकमधल्या त्या तुरुंगात कैद्यांचा छळ झाला आणि तिथे कैद्यांची चौकशी करायला सीएसीआय या खाजगी कंपनीची माणसं होती. ती कोणत्या कंत्राटावर आली? अमेरिकेच्या गृह... नाही, इंटिरिअर नावाचं खातं आहे, जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं, त्याच्या माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या कंत्राटावर. लष्कराला घाई होती, हाताशी तयार कंत्राट होतं, त्यावर ऑर्डर काढली. संगणकाच्या कंत्राटावर चौकशी अधिकारी. ऑर्डर देणाऱ्या खात्याला युद्धभूमी दिसत नव्हती आणि युद्धभूमीवरच्यांना कंत्राट ठाऊक नव्हतं. तिथल्या तीन पीडितांना कंपनीकडून ४ कोटी २० लाख डॉलर द्यावेत असा निर्णय ज्यूरीने दिला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, वीस वर्षांनी.

या सगळ्यातून इथे काही नियम आले किंवा आधीचे कडक झाले. मूळ कल्पना अशी: काही कामं स्वभावतःच सरकारची असतात, ती कोणालाही देता येत नाहीत. कंत्राट द्यायचं की नाही हे ठरवणं, धोरण ठरवणं, सैन्याला हुकूम देणं. त्यांच्या अगदी लगतची काही कामं असतात, अंदाजपत्रक तयार करायला मदत, निविदांच्या मूल्यमापनात मदत. ती बाहेर देता येतात, पण मग नेहमीपेक्षा जास्त सरकारी देखरेख लागते. २०११च्या धोरणपत्रात आणखी एक गोष्ट घातली: खात्याच्या मूळ उद्दिष्टावर ताबा राहील इतकी जाणकार सरकारी माणसं खात्याकडे असलीच पाहिजेत. धंतोलीकरताईंनी जी गाठ दाखवली तिचं हे उत्तर आहे असं मला वाटतं. शिवाय २००८च्या संरक्षण कायद्याने खात्यावर दरवर्षी सेवा-कंत्राटांची मोजदाद करायचं बंधन घातलं.

हे सगळं नीट पाळलं जातं का? नाही. मोजदादीत त्रुटी आहेत हे जीएओ वारंवार सांगते. युद्धकालीन कंत्राटांच्या आयोगाने ऑगस्ट २०११ मध्ये इराक-अफगाणिस्तानात ३१ ते ६० अब्ज डॉलर नासाडीत आणि लबाडीत गेल्याचा अंदाज दिला होता. आणि एप्रिल २०२५ मध्ये संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी ५.१ अब्ज डॉलरची सल्लागार व आयटी कंत्राटं एका झटक्यात रद्द केली. रद्द करणं सोपं असतं. कोणतं काम खरोखर लागतं हे सांगू शकणारी माणसं कमी असतील तर रद्द करतानाही अंदाजानेच करावं लागतं.


मिहानमधला :

ओहायोकर, तुमच्या ४२ टक्क्यांवर थबकलो. माझा अनुभव लहान आहे, पण त्याच जातीचा आहे.

मी आयटीत आहे. काही काळ कंपनीने मला दुसऱ्या शहरातल्या एका सरकारी तांत्रिक कार्यालयात बसवलं होतं, कार्यालय कोणतं ते सोडा. काम होतं सॉफ्टवेअर सांभाळायचं. हळूहळू बैठकांची टिपणं मी लिहायला लागलो, मग पत्रांचे मसुदे, मग वरिष्ठांसाठी सादरीकरणं. तिथले अधिकारी सज्जन होते, कामात बुडालेले होते आणि मी समोर होतो. एक दिवस मला सांगितलं गेलं की पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीच्या निविदेचा तांत्रिक भाग तूच लिही, तुला प्रणाली सगळ्यात जास्त कळते. खरं होतं ते, मलाच कळत होती. पण त्या निविदेत माझी कंपनी उतरणार होती! मी तसं लेखी कळवलं आणि तो मसुदा लिहायला नकार दिला. कंपनी खूश नव्हती.

यात कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणाचा हेतू वाईट नव्हता. तरीही मी लिहिलं असतं तर नकळत त्यात अशा अटी आल्या असत्या ज्या आमच्याच कंपनीला जमतात. सल्लागाराने तपशील लिहिला तर त्याच कामाच्या पुढच्या पुरवठ्यातून त्याला बाहेर ठेवावं, असं सरकारी नियम सांगतात. पण माझं कंत्राट कागदावर 'सल्लागार' नव्हतंच, ते 'देखभाल' होतं. कागदावरचं नाव आणि खुर्चीवरचं काम वेगळं झालं की नियम लागूच होत नाही. अबू घ्रैबशी तुलना नाही करत, पण फट तीच आहे.


हिंगणा_रोड :

मी ठेकेदार आहे. इथे ठेकेदाराबद्दल सगळे बोलून राहिले, म्हणून आमची बाजू लिहितो.

माणसं पुरवण्याच्या निविदेत वेतन ठरलेलं असतं, किमान वेतनाच्या खाली जाता येत नाही. पीएफ, ईएसआय ठरलेलं. मग स्पर्धा कशात? आमच्या सेवाशुल्कात. त्यासाठी लोक शून्यापर्यंत खाली आले. शून्य शुल्काची बोली धरायची नाही असं वित्त मंत्रालयाने २०१४ मध्येच कळवलं होतं, मग लोकांनी शून्याच्या किंचित वर बोली लावली. आता मला सांगा, जो माणूस जवळपास फुकटात काम घेतो तो जगतो कशावर? बिल दोन-दोन महिने अडकतं, तोवर पगार खिशातून द्यायचे असतात. व्याज कोण भरतं?

ते निघतं मजुराच्या खिशातून. पद्धत सगळ्यांना माहीत आहे. बँकेत पूर्ण पगार जमा होतो, त्याचं स्टेटमेंट बिलाला लागतं, पीएफचं चलन लागतं, कागद एकदम स्वच्छ. आणि मजुराचं एटीएम कार्ड सुपरवायझरच्या पाकिटात असतं. लेखापरीक्षक काका, हे तुम्हाला कागदावर कधीच दिसणार नाही. मी हे करत नाही, म्हणून माझ्या बोल्या वर जातात आणि कामं हातून जातात. पण तपासणं अवघड आहे का? महिन्यातून एकदा कोण्या अधिकाऱ्याने ठेकेदाराला बाहेर ठेवून चार मजुरांशी बोलावं. दहा मिनिटांचं काम आहे. कायद्याने ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने द्यायचा असतो, १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या त्यातही आहे. मग त्याला विचारायचा हक्क आहे, नव्हे, कर्तव्य आहे.


पुलगावची :

मजुरांचा विषय निघाला म्हणून लिहिते.

२० नोव्हेंबर २०१८. आमच्या दारूगोळा भांडाराजवळ, सोनेगाव आबाजीकडच्या मैदानात, जबलपूरच्या खमरिया निर्माणीचा जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी आणला होता. उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यात ठेकेदारामार्फत आलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. आमच्या इथे ३१ मे २०१६ च्या आगीची आठवण ताजी होती, त्या आगीत एकोणीस जण गेले होते, तरीही.

पेट्या उतरवणं ही कागदावर एक साधी सेवा आहे. रोजंदारीचा दर, माणसांची संख्या, कामाचे तास. ज्याने ते कंत्राट तपासलं असेल त्याने हेच तपासलं असेल. पण त्या माणसांना काय शिकवलं होतं, पेटीत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलं होतं का, हे बिलाच्या कोणत्या रकान्यात येतं? सफाईचं काम वाईट झालं तर घाण राहते. इथे माणसं जातात. सगळ्या सेवा-कंत्राटांना एकच फॉर्म लावू नका, एवढं माझं म्हणणं या धाग्यात लिहून ठेवा.


सुभेदार_कामठी :

बाई, तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. आमच्या जवानाला दारूगोळ्याला हात लावण्याआधी किती शिकवतात ते मी पाहिलं आहे. बाहेरून आलेल्या माणसाला तेवढंच शिकवल्याशिवाय आत सोडूच नये, मग कंत्राट काही म्हणो.


तर्रीपोहे :

हिंगणा_रोड आणि पुलगावची, तुमचे दोन्ही प्रतिसाद परत परत वाचले. वेगाबद्दलचं माझं मत कायम आहे. पण हेही मान्य की मी वर ज्या पहारेकऱ्यांची नावं घेतली त्यातला एकही एटीएम कार्ड पाहणारा नाही आणि त्या मजुराला शिकवलं का हे विचारणारा नाही. दहा मिनिटं मजुरांशी बोलण्याने कोणतीही फाइल थांबत नाही. याला माझा पाठिंबा.

एक शंका मात्र आहे. सैन्याकडून ही माहिती नागरिकांना मिळेल का? सुरक्षेचं कारण सांगून दार बंद होईल.


धंतोलीकर :

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

सुभेदारसाहेबांचं वापरणाऱ्याच्या सहीचं आणि जुना_लेखापरीक्षक यांचं जाणकाराच्या सहीचं म्हणणं मला एकच वाटतं. सफाईचा जाणकार तो जवान आहे, सॉफ्टवेअरचा जाणकार खात्याने स्वतःकडे तयार करून ठेवायला हवा. तसा नसेल तर मिहानमधला म्हणतो तसं होणार, ठेकेदाराचा माणूसच खात्याचा मेंदू होऊन बसणार. म्हणून मी नवीन सल्लागार नेमण्याआधी एक प्रश्न बंधनकारक करावा असं म्हणेन: याचं काम नीट झालं नाही हे ओळखू शकेल असा आपला कोण माणूस आहे, त्याचा हुद्दा लिहा. हुद्दा लिहिता येत नसेल तर आधी तो माणूस तयार करा, मग कंत्राट द्या. उशीर झाला तरी चालेल. या एका ठिकाणी मी वेगाच्या विरोधात आहे.

तर्रीपोहे, माहितीबद्दल. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ज्या संस्थांना सूट आहे त्यात डीआरडीओ आहे, निमलष्करी दलं आहेत. भूदल आणि हवाई दल त्या यादीत नाहीत. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय तर आपल्या अंबाझरीलाच आहे. त्यांनाही हा कायदा लागू आहे. सुरक्षेला बाध येईल अशी माहिती कलम ८(१)(क) खाली नाकारता येते, ते बरोबरच आहे. पण सफाईच्या बिलातून किती दंड कापला यात शत्रूला उपयोगी काही नाही. आणि कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेला द्यावा लागतो.

मी एक अर्ज तयार करते आहे. लेखापरीक्षक काका, प्रश्न कसे विचारावेत यावर मार्गदर्शन कराल का?


जुना_लेखापरीक्षक :

अवश्य. मत विचारू नका, कारण विचारू नका. 'देखरेख पुरेशी आहे का' असं लिहिलंत तर 'ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं उत्तर येईल आणि ते योग्य असेल. जो कागद अस्तित्वात आहे तोच मागा. तैनाती कुठे, पहाऱ्यावर किती माणसं, असलं काहीही विचारू नका, त्याने संपूर्ण अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं.

मी असं विचारेन. मागच्या तीन आर्थिक वर्षांत दिलेल्या सेवा-कंत्राटांची यादी, कामाचा प्रकार आणि रक्कम यांसह. प्रत्येक कंत्राटात समाधानकारक कामाचं प्रमाणपत्र देणाऱ्याचा हुद्दा, नाव नको. कंत्राटातल्या कामाच्या व्याप्तीच्या परिच्छेदाची प्रत. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी: कामातल्या त्रुटींबद्दल किंवा गैरहजेरीबद्दल या बिलांतून एकूण किती रक्कम कापली. तीन वर्षांत, सगळ्या कंत्राटांत मिळून, कपात शून्य असेल तर दोनच शक्यता राहतात, एक तर सगळ्यांनी निर्दोष काम केलं किंवा कोणी पाहिलंच नाही. लेखापरीक्षक असताना मी कपातीचा रकाना सर्वांत आधी उघडायचो.

एका अर्जात एकच आस्थापना ठेवा. दहा रुपये शुल्क, केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून जातो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर त्याच पोर्टलवर पहिलं अपील. तिथे बहुतेक लोक सोडून देतात, तुम्ही सोडू नका.


सुभेदार_कामठी :

काका, एक आणखी घाला. पुष्कळ ठिकाणी तक्रारीचं रजिस्टर असते. जवान त्यात लिहून ठेवतात, एसी बंद, पाणी नाही, माणूस आला नाही. त्या रजिस्टरच्या त्याच महिन्यांच्या प्रती मागा. मग बिलाचं प्रमाणपत्र आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून पाहा, काय ते कळून जाईल.


हिंगणा_रोड :

आणि मजुरांच्या वेतनाची तपासणी कोणी, कोणत्या तारखेला केली त्याची नोंद. १९७०च्या कायद्यात पगार वाटताना मूळ मालकाच्या प्रतिनिधीने हजर राहायचं होतं, त्या काळातल्या नोंदींवर त्याची सही असायला पाहिजे.


धंतोलीकर :

दोन्ही घातले. पुलगावची यांच्यासाठी एक वेगळा अर्ज करते: धोकादायक माल हाताळणाऱ्या कंत्राटी मजुरांना काम सुरू करण्याआधी दिलेल्या प्रशिक्षणाच्या नोंदी, तारखांसह. पहिला अर्ज नागपुरातल्या एकाच आस्थापनेला, फक्त सफाई आणि देखभालीपुरता. मसुदा रविवारी इथेच टाकते. काका, पाठवण्याआधी एकदा नजर टाका. ज्यांना आपापल्या गावच्या आस्थापनेसाठी तोच मसुदा वापरायचा आहे त्यांनी खाली लिहा, म्हणजे एकाच ठिकाणी दोन अर्ज जाणार नाहीत.


मिहानमधला :

पुण्यासाठी मी करतो. 'देखभाल' नावाखाली बसवलेल्या कंपनीच्या माणसांकडून निविदेचे कागद लिहून घेतले का, हे थेट विचारता येणार नाही, पण त्यांच्या कामाच्या व्याप्तीचा परिच्छेद आणि मासिक कामाचे अहवाल मागता येतील ना, काका?


जुना_लेखापरीक्षक :

येतील. मासिक अहवाल बिलाला जोडलेला असतो, म्हणजे तो अभिलेख आहे. महिना आणि वर्ष नेमकं लिहा.